घड्याळ सिंगापूरचं

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या त्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये फ्रिजच्या दारावर एकोणीस नियम लावलेले होते. छापलेले, लॅमिनेट केलेले, आणि खाली कोपऱ्यात 'आवृत्ती चौथी' असं लिहिलेलं. मी तिथे सरांकडे एक खोली घेऊन राहायला गेलो त्या दिवशी माझं सामान दाराबाहेरच ठेवून त्यांनी मला आधी फ्रिजसमोर उभं केलं. नियम सहा: कणीक मळून झाल्यावर परातीत पाणी घालून ठेवणे. नियम अकरा: दुधाचा खोका डाव्या कोपऱ्यात कापणे. मी सगळं वाचून मान हलवली.

"मान नको हलवूस," ते म्हणाले. "अकरावा काय आहे, न बघता सांग."

मी सांगितला. मग माझी बॅग आत आली.

ते आमच्या ऑफिसात टेस्टिंगचे प्रमुख होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढण्याचा त्यांना पगार मिळायचा. ऑफिस सुटल्यावर तेच काम ते बिनपगारी करत. आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमधल्या नोटिशीत एक स्वल्पविराम जास्त होता, त्याबद्दल त्यांनी टाउन कौन्सिलला तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा नोटीसच काढून टाकली गेली. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, फलाटावर जमिनीवर बाण काढलेले असतात, चढणाऱ्यांनी कुठे उभं राहायचं ते दाखवणारे. त्या बाणाच्या टोकावर एखाद्याचा बूट आलेला दिसला की ते त्या बुटाकडे बघत राहत, माणूस ओशाळून मागे सरकेपर्यंत. वहिनी चिंचवडला बँकेत नोकरीला होत्या, मुलगी तिथेच कॉलेजात. हे अकरा वर्षं सिंगापुरात एकटे होते. वहिनींना मी एकदा व्हिडिओ कॉलवर सहज विचारलं, "तुम्ही इकडे का नाही येत राहायला?" त्या म्हणाल्या, "इथल्या फ्रिजवर माझे मॅग्नेट आहेत हो. तेवढं सुख पुरे आहे मला."

एक मान्य करायला हवं. स्वतःलाही ते सोडत नसत. एकदा गॅसचा नॉब त्यांच्या हातून अर्धवट उघडा राहिला. मी काहीच बोललो नव्हतो, तरी त्यांनी स्वतःला दोन दिवस चहाबंदीची शिक्षा दिली. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, कोपी ही तिथली कॉफी विकणाऱ्या आंटीकडेही ते नुसतंच गरम पाणी मागायला लागले.

"अंकल, यू सिक आह?" तिने विचारलं.

"नो, आंटी. पनिशमेंट."

आंटीने माझ्याकडे बघितलं. मी वरच्या पंख्याकडे बघितलं.

त्यांची दोन वाक्यं मला अजून झोपेतही ऐकू येतात. पहिलं, "दोनदा वाचलेलं म्हणजे न वाचलेलं." कुठलाही मजकूर, मग तो चार ओळींचा ईमेल का असेना, तीनदा वाचल्याशिवाय ते पाठवत नसत. दुसरं वाक्य, "कारणं विद्यार्थी सांगतात." हे ते उशिरा येणाऱ्या, चुका करणाऱ्या, रजा मागणाऱ्या सगळ्यांना सांगत. ऑफिसात एकाचा पाय मोडला होता, त्यालाही सांगितलं.

आता फ्रिजवरचा एकोणिसावा नियम. 'फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने सातघाटात नाव नोंदवणे.'

सातघाट हे गाव कुठल्याही नकाशावर नाही. इंटरनेटवर साठ-सत्तर मराठी माणसांचा एक गट होता, त्यांनी मिळून रचलेलं ते गाव. एक नदी, सात घाट, दोनशे वर्षांपूर्वीचा काळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या तोंडून लिहायचं. तुम्ही लिहिलं की 'मी विहिरीवर गेले', तर दुसरी लिहिणार 'तिथे मी घागर घेऊन उभीच होते', आणि गोष्ट अशी पुढे जाणार. यात जिंकणं नाही, हरणं नाही, शेवट नाही. मोठमोठी माणसं कामंधामं सांभाळून हे करत होती. नाशिकचा एक दातांचा डॉक्टर तिथे दरोडेखोर होता आणि दोन पेशंटच्या मधल्या वेळेत वाटसरूंना लुटत असे. मला चौकीवरचा शिपाई करण्यात आलं. दोन वर्षांत मी चाळीसेक वाक्यं लिहिली असतील, त्यातली तीस 'कोण आहे तिकडे?' अशी होती.

आणि हे तिथे नावाडी होते.

मी पहिल्यांदा त्यांचं लिखाण वाचलं तेव्हा मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचं वाचतोय. प्रत्यक्षात हा माणूस लिफ्टकडे कुणी धावत येताना दिसलं की दार बंद करायचं बटण दाबत असे, कारण 'धावणं ही वेळेवर न निघाल्याची कबुली आहे.' आणि सातघाटात हाच माणूस पैलतीरावर एखादी म्हातारी दिसली की भरलेली नाव थांबवून ठेवायचा. पोरांना वल्हं धरायला द्यायचा. नव्या सुनेला माहेरी सोडताना मुद्दाम लांबच्या वळणाने न्यायचा, म्हणजे तिला रडून घेता येईल. त्याच्याकडे एक लंगडं कुत्रं होतं, ते नावेच्या टोकाशी बसायचं. सहा वर्षं रोज त्यांनी हा नावाडी लिहिला. तिथे सगळे त्यांना 'नावाडीदादा' म्हणत. ऑफिसात त्यांना पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अर्थात नुसतं नाव वल्हवून त्यांचं भागलं असतं तर काय हवं होतं! सातघाटाची नियमावली लिहिली होती ती त्यांनीच. चौतीस पानं. त्यातले दोन नियम तेवढे ध्यानात ठेवा. नियम सात: कुणाच्याही खऱ्या आयुष्यातली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय गटात कुणालाही सांगायची नाही, सांगितल्यास पंधरा दिवस हकालपट्टी, शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. आणि नियम नऊ, मरणाचा: एखाद्या पात्रावर प्राणघातक हल्ला झाला तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत उत्तर लिहायचं, नाही लिहिलं तर ते पात्र मेलं. परत येणं नाही, भूत होणं नाही, जुळा भाऊ निघणं नाही. मेला तो मेला.

सहा म्हणजे कुणाचे सहा, हे मात्र त्या चौतीस पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. सिंगापूरचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे. इथे सहा वाजतात तेव्हा तिकडे साडेतीन. पण बाकी सगळी मंडळी भारतात असल्यामुळे हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता, संगमनेरच्या बाईंची सुईण मरेपर्यंत.

या बाई संगमनेरला शाळेत शिकवत. सातघाटात त्या सुईण होत्या आणि निम्मं गाव त्यांच्या हातून जन्माला आलं होतं. एकदा त्यांच्या सुईणीला साप चावला. त्यांनी उत्तर लिहिलं तिसऱ्या दिवशी सव्वाचारला. सहाच्या आत, असं त्यांना वाटलं. यांनी जाहीर केलं की सिंगापुरात तेव्हा पावणेसात झाले होते, सुईण मेली.

"पण घड्याळ सिंगापूरचं, हे कुणी ठरवलं?" बाईंनी विचारलं.

"नियम ज्या टेबलावर लिहिले गेले त्या टेबलासमोरच्या भिंतीवरचं घड्याळ," यांचं उत्तर.

बाईंनी सांगून पाहिलं की दहावीच्या परीक्षेची ड्यूटी होती, फोन वर्गाबाहेर जमा करावा लागतो, सुटल्या सुटल्या व्हरांड्यात उभं राहून लिहिलंय. यांनी त्यावर एक ओळ लिहिली. 'कारणं विद्यार्थी सांगतात, बाई.' शिक्षिकेला! मी समोरच जेवत होतो. मी म्हटलं, "सर, हे जरा जास्त झालं." ते म्हणाले, "तू आमटी वाढून घे."

सातघाटात मेलेल्या माणसाचा दहावा करायची पद्धत होती. मरणाच्या दहाव्या दिवशी सगळ्यांनी घाटावर जमायचं, पिंड ठेवल्याचं लिहायचं, आणि मग एकेकाने मेलेल्याला आश्वासन द्यायचं. तुझी गाय मी सांभाळीन, तुझ्या लेकीचं लग्न मी लावीन. कावळा शिवला की आत्मा सुटला, पात्राची नोंद बंद. कावळा शिवेपर्यंत गटाचे पंचसुद्धा नोंद बंद करू शकत नसत. हा कावळा म्हणजे एक छोटासा प्रोग्राम होता. प्रत्येक आश्वासनानंतर तो फासा टाकतो आणि ठरावीक आकडा पडला तरच शिवतो, अशी सगळ्यांची समजूत होती. प्रोग्राम अर्थातच यांनी लिहिलेला.

सुईणीच्या दहाव्याला दीड तास कावळा शिवेना. शेवटी नावाडीदादांनी लिहिलं, 'तुझ्या हातून जन्मलेली सगळी पोरं मी माझ्या नावेतून पलीकडे नेईन, बाई. मला दिसेनासं होईपर्यंत.' आणि कावळा झपकन शिवला. गट गहिवरला. नाशिकच्या दरोडेखोराने लिहिलं की त्याच्या हातातलं दाताचं मशीन थांबलं. मी त्या वेळी पाणी प्यायला म्हणून यांच्या पाठीमागून जात होतो. यांच्या पडद्यावर एक हिरवं बटण होतं, त्यावर लिहिलं होतं 'शिव', आणि बोट अजून त्याच्यावरच होतं.

"सर, फासा कुठेय?"

"फाशाला काय कळतंय, कुणाची कशात इच्छा अडकलीय ते?" ते जराही न ओशाळता म्हणाले. "आणि हे बाहेर गेलं तर नियम सात."

म्हणजे आश्वासन आपलंच, कावळाही आपलाच! मला त्या दिवशी त्यांचा खरोखर संताप आला होता. बाईंनी पुढे दुसरं पात्र घेतलं नाही. त्या गटात राहिल्या, पण नुसत्या पंच म्हणून. तंटे सोडवायला तीन पंच असत, त्यांत त्या थोरल्या. बाकीचे दोघे हो ला हो करणारे होते.

वर्ष-दीड वर्ष गेलं. एका मंगळवारी नाशिकच्या डॉक्टरने भर नदीत नावेवर दरोडा घातला. नावाडीदादांच्या खांद्यात भाला, नावेत पाणी, आणि पलीकडच्या काठावर लोक ओरडतायत. उत्तराची मुदत गुरुवारी संध्याकाळी सहा. बुधवारी रात्रीच्या जेवणापर्यंत यांनी उत्तर लिहूनही ठेवलं होतं, दोनदा वाचून झालं होतं. तिसरं वाचन दुसऱ्या दिवशी ऑफिसात, दुपारच्या चहाला करायचं होतं. म्हणून मजकूर ऑफिसच्या लॅपटॉपवर.

गुरुवारी चार वाजता त्यांच्या कॅलेंडरवर अर्ध्या तासाची एक मीटिंग आली. विषय नुसताच 'चर्चा'. आमच्याकडे टेस्टिंग दुसऱ्या देशात हलवायचं चाललंय अशी कुजबुज होती, पण कुजबुज वर्षभर होतीच. ते आत गेले ते बाहेर आलेच नाहीत, निदान आमच्या बाजूच्या दाराने नाही. लॅपटॉप, ऑफिसचा फोन, दाराचं कार्ड, सगळं आतच ठेवून घेतलं होतं. साडेपाचला मला बोलावून सांगण्यात आलं की त्यांच्या टेबलावरचं सामान तुम्हीच घेऊन जा, तुम्ही एकाच घरात राहता ना? एक मग, एक स्वेटर, आणि तीन लाल पेनं. अकरा वर्षांचं एवढंच निघालं.

ते घरी नव्हते. सात वाजता मला ते हॉकर सेंटरमध्ये सापडले. आंटीच्या स्टॉलसमोरच्या टेबलावर बसून स्वतःच्या जुन्या फोनवर एका बोटाने काहीतरी लिहीत होते. कोपी समोर निवत होती.

"सर..."

"थांब. शेवटचं वाक्य राहिलंय."

मला वाटलं वहिनींना लिहितायत. किंवा कंपनीला. मी डोकावून पाहिलं, तर नावाडी एका हाताने भाला उपसत होता आणि दुसऱ्या हाताने म्हातारीला फळकुटावर चढवत होता. लॅपटॉपमध्ये अडकलेलं उत्तर ते आठवून आठवून, शब्दन् शब्द पुन्हा लिहीत होते. सात वाजून दहा मिनिटांनी त्यांनी ते पाठवलं. न वाचता. मी त्यांना पहिल्यांदाच काहीतरी न वाचता पाठवताना पाहिलं.

मग म्हणाले, "तीस दिवस आहेत. कामाचा पास रद्द होतो त्यानंतर." आणि थोड्या वेळाने, "हिला मी सांगेन सावकाश. तू कुणालाही बोलू नकोस. नियम सात."

साडेसातला नाशिकच्या डॉक्टरने अगदी चाचरत विचारलं, 'दादा, उत्तर सात-दहाला आलंय ना? म्हणजे सिंगापूरच्या?'

आणि मग जे सुरू झालं ते पाहून मी थक्क झालो. स्वयंपाकघरात स्वतःला चहाबंदीची शिक्षा देणारा हा माणूस नावाड्यासाठी चक्क वकील झाला. म्हणे, उत्तर भारताच्या वेळेने चार-चाळीसला आलंय, सहाच्या पुष्कळ आत. म्हणे, सातघाट महाराष्ट्रात आहे, तेव्हा तिथलं घड्याळ भारताचंच असणार, यात वादच नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! पंचांकडे रीतसर अपील गेलं. नोकरीबद्दल एक अवाक्षर नाही, कंपनीला एक ओळ नाही, आणि नावाड्यासाठी तीन दिवस जागेवरून न उठता बावीस पानांचं सादरीकरण. मी एकदा म्हटलं, "सर, पुढची नोकरी वगैरे..." ते म्हणाले, "तिथे अपील नाहीये. इथे आहे."

शनिवारी मी खाली पार्किंगपाशी जाऊन संगमनेरच्या बाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. नियम सात माहीत असून. मला वाटलं, यांचा हा कोडगेपणा बघून बाई त्यांना फाडून खातील, आणि ते मला बघवलं नसतं.

बाई म्हणाल्या, "मला कशाला सांगितलंत हे? किती सोपं होतं मला उद्याचं."

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर सुनावणी झाली. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नवव्या पानावर त्या नसलेल्या नदीचा नकाशा होता, अक्षांश-रेखांशासकट. बाई शांतपणे ऐकत होत्या. बाविसावं पान संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग माझी सुईण, सर? ती कुठल्या घड्याळाने मेली?"

"त्या वेळी हा मुद्दा रीतसर उपस्थित झाला नव्हता," हे म्हणाले. मला फ्रिजच्या आत जाऊन दार लावून घ्यावंसं वाटलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "घड्याळ राहू द्या बाजूला. गुरुवारी सहा वाजता तुम्ही कुठे होता? काही कारण असेल तर सांगा. आम्ही ऐकू. आणि मी तुम्हाला शब्द देते, कारण खरं असेल तर नावाडी जगेल."

एक वाक्य बोलायचं होतं. नोकरी गेली, लॅपटॉप काढून घेतला. एवढंच. मी लॅपटॉपच्या पडद्यामागे उभा राहून त्यांना हातवारे करत होतो, सांगा, सांगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"नियमात कारणाला जागा नाही, बाई."

"जागा मी करते."

"मग तुमच्या सुईणीलाही करावी लागेल." समोरचे कागद त्यांनी उगाच सरळ केले. "आणि तिला मी केली नव्हती."

तिन्ही पंचांनी एकमताने निकाल दिला. नावाडी मेला. करावं तसं भरावं म्हणून मी खूष व्हायला हवं होतं. मला नुसतं वाईट वाटलं, आणि ज्या माणसाचा इतका राग येतो त्याच्याबद्दल वाईट वाटतंय याचाही राग आला.

पण थांबा, माणूस सुधारला असं समजू नका. आठवड्याभराने, शनिवारी, दहावा होता. सकाळी दहाला ते टेबलाशी बसले, घरचा लॅपटॉप उघडला, आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

"पंचांनी मारलाय ठीक आहे," म्हणाले. "पण कावळा माझा आहे."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. कावळा शिवल्याशिवाय नोंद बंद होत नाही. आणि शिव म्हणायचं बटण यांच्या बोटाखाली. न्यायाने गेलेलं ते लबाडीने अडवून ठेवणार होते, आणि कुणाला ताकास तूर लागणार नव्हती.

मंडळी घाटावर जमली. नाशिकच्या डॉक्टरने लिहिलं, 'मी बुडवलेली नाव मीच वर काढीन, दादा, आणि स्वतः वल्हवीन.' कावळा शिवला नाही. कुणी म्हातारीला आधार द्यायचं कबूल केलं, कुणी नावाड्याची झोपडी शाकारायचं. नाही शिवला. मी माझ्या शिपायातर्फे लिहिलं, 'लंगडं कुत्रं चौकीवर माझ्यापाशी राहील.' समोर बसून ते वाचलं त्यांनी. त्यांचा हात किंचित हलला, पण नाही. बारा वाजले, एक वाजला. एकाने सुचवलं की पूर्वी असं झालं की दर्भाचा कावळा करून शिववत, तसं करू या. हे मला म्हणाले, "दर्भाच्या कावळ्याची सोय नाहीये प्रोग्राममध्ये," आणि समाधानाने पाणी प्यायले.

"सर, किती दिवस बसवणार आहात त्यांना?"

"मला कुठे जायचंय?" म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जायचंय. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. कोपऱ्यात खोके रचलेले होते, त्यांवर नंबर घातलेले.

पावणेदोनला संगमनेरच्या बाईंचं लिखाण आलं. पंच म्हणून नाही. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी एक पात्र घेतलं होतं. सुईणीची मुलगी घाटावर आली होती. तिने पिंडापुढे हात जोडले आणि एवढंच म्हटलं:

'दादा, सातघाटात सहा वाजतील ते सिंगापूरचेच. तिथे आपलं कुणी असो वा नसो. माझ्या आईला ज्या घड्याळाने नेलं, तुम्हाला ज्याने नेलं, ते मी कुणालाही बदलू देणार नाही.'

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. मग बटण दाबलं.

गटात सगळीकडून 'शिवला, शिवला' असं उमटत होतं. त्यांचं नाक लाल झालं होतं. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी मायेचं बोलेल, निदान मला शेजारी बसायला सांगेल.

"'कुणी असो वा नसो'," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "बाईंना कसं कळलं मी जातोय ते?"

मी वरच्या पंख्याकडे बघितलं.

"तू सांगितलंस."

"हो, सर. पण माझं कारण..."

त्यांनी नुसती मान वर केली. मी कारण गिळलं.

"नियम सात," म्हणाले, आणि तिथल्या तिथे, माझ्यासमोर, त्यांनी माझं खातं पंधरा दिवसांसाठी बंद केलं. बंद करायला आणि उघडायलाही हाताने दोन बटणं दाबावी लागतात, दोन्ही दाबली. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि दोघांसाठी चहा टाकला. दुधाचा नवा खोका डाव्या कोपऱ्यात कापला.

माझ्या बंदीच्या तेराव्या दिवशी मी त्यांना चांगी विमानतळावर सोडायला गेलो. गटात सगळे त्यांना निरोप लिहीत होते. मलाही दोन ओळी लिहायच्या होत्या, शिपायातर्फे, कुत्र्याबद्दल. खातं बंद. मी ते त्यांना तिथेच तोंडी सांगायला लागलो तर म्हणाले, "अजून दोन दिवस राहिलेत तुझे." आणि रांगेत, बाणावर नव्हे तर बाणाच्या बरोब्बर मागे, जाऊन उभे राहिले.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी मी रिकाम्या फ्लॅटमध्ये फोन हातात घेऊन बसलो होतो. एकोणीस नियम अजून फ्रिजवर होते, काढायचं धाडस झालं नव्हतं. सहाला माझं खातं उघडलं. एक मिनिट आधी नाही, एक मिनिट नंतर नाही. चिंचवडला तेव्हा साडेतीन वाजले होते, आणि तिथे कुणीतरी घड्याळ लावून बसलं होतं.